मोटरहोमचं डिझेल: टाकीच्या तळापासून नोझलपर्यंत

सात महिने एकाच जागी उभी असलेली आमची मोटरहोम बाहेर काढली, तेव्हा ती पहिल्याच सेल्फला सुरू झाली. मी खुशीत होतो. पन्नासेक किलोमीटरवर चढ लागला आणि गाडीचा दम सुटला. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकलेला, पण वेग उतरत उतरत तिसावर. सपाटीला लागलो की पुन्हा सगळं सुरळीत. वर्कशॉपमध्ये नेली तर तिथल्या माणसाने बॉनेट उघडण्याआधीच निकाल देऊन टाकला: इंजेक्टर गेले, चारही बदला. शेवटी निघालं काय, तर टाकीजवळचा वीतभर रबरी होज. वाकणाच्या जागी त्याला केसाएवढी चीर पडली होती.

ती चीर कुणाला दिसली नाही, कारण तिथून डिझेलचा थेंबही गळत नव्हता. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो. पंपाच्या अलीकडच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. चढावर इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते, हवाही जास्त घुसते. नव्या माणसाने डिझेल सिस्टिमबद्दल एकच गोष्ट शिकायची झाली तर ही शिकावी, असं मला वाटतं.

मोटरहोमचं दुखणं ट्रकपेक्षा वेगळं असतं. ट्रक रोज धावतो, टाकी आठवड्यातून दोनदा रिकामी होऊन भरते. आपली गाडी वर्षातले कितीतरी महिने उभी. डिझेल जुनं होतं, तळाला पाणी साचतं, होज वाळतात. त्यामुळे देखभालीचं वेळापत्रक किलोमीटरवर लावून चालत नाही, कॅलेंडरवर लावावं लागतं. मॅन्युअलमध्ये फिल्टर वीस-तीस हजार किलोमीटरला बदला असं लिहिलेलं असलं, तरी वर्षातून एकदा तो बदलाच.

आधी कागदावर डिझेलची लाइन काढा

पाना हातात घेण्याआधी गाडीखाली शिरून डिझेलचा मार्ग बघा आणि कागदावर काढा. टाकी, टाकीतली ओढणारी नळी, वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा) किंवा पहिला फिल्टर, फीड पंप, मुख्य फिल्टर, हाय प्रेशर पंप, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे नोझल) आणि उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन. क्रम गाडीगणिक बदलतो. कुठे फीड पंप इंजिनावर असतो, कुठे टाकीच्या आतच इलेक्ट्रिक पंप असतो. पंप टाकीत असेल तर पुढची सगळी लाइन दाबाखाली असते आणि चीर पडली की सरळ गळते. म्हणून आपला पंप कुठे आहे हे माहीत असेल तर दोष शोधण्याचं अर्धं काम झालं. मागे इंजिन आणि पुढे टाकी असलेल्या मोठ्या मोटरहोममध्ये ही लाइन गाडीच्या लांबीएवढी असते. जेवढे जोड, तेवढ्या हवा घुसायच्या जागा.

टाकीच्या डोक्यावर आणखी एक-दोन नळ्या दिसतील. एक जनरेटरची, एक डिझेल हीटरची. जनरेटरची नळी मुद्दाम आखूड ठेवतात, म्हणजे रात्रभर एसी चालवून गाडी हलवण्यापुरतंही डिझेल उरलं नाही, असं होत नाही. टाकी पाव भरलेली असताना जनरेटर बंद पडला तर तो बिघडला असं समजून खोलू नका. नव्या मालकांपैकी निम्मे तरी एकदा फसतात. मीही फसलोय.

इंजिन जुन्या पद्धतीच्या मेकॅनिकल पंपाचं आहे की कॉमन रेलचं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाच्या एकाच सामाईक नळीतून डिझेल देणारं, हेही कागदावर लिहा. प्रवासी गाड्यांत कॉमन रेल 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 पासून आली. त्यानंतर काही वर्षांत बहुतेक डिझेल इंजिनं त्याच वाटेने गेली. हा फरक तुमच्या जिवाशी संबंधित आहे. जुन्या इंजिनात एअर, म्हणजे लाइनमध्ये शिरलेली हवा, काढायला इंजेक्टरचे नट सैल करून सेल्फ मारायची पद्धत होती. कॉमन रेलमध्ये दाब 1600 ते 2000 बारच्या घरात आणि त्याहूनही वर जातो. तिथे हाय प्रेशर लाइनचा नट चालू इंजिनावर कधीही सैल करायचा नाही, गळती हाताने चाचपायची नाही. त्या दाबाची बारीक धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत जाते. वरून टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत मात्र बोट सडायला लागतं. असं झालं तर हळद लावून बसू नका. लगेच हॉस्पिटल गाठा आणि 'दाबाखालचं डिझेल आत गेलंय' हे शब्द वापरून सांगा. या लेखातली सगळी कामं कमी दाबाच्या बाजूची आहेत. हाय प्रेशर पंपाच्या पुढचं काम जाणकाराकडे द्या.

पाणी

एक लिटर डिझेलचं वजन साधारण 820 ते 850 ग्रॅम. पाणी त्याहून जड, म्हणून ते तळाला बसतं, आणि ओढणारी नळीही तळाशीच असते. पाणी येतं तीन वाटांनी: पेट्रोल पंपावरून डिझेलबरोबर, रिकाम्या टाकीत दिवसरात्रीच्या थंड-गरम हवेतून दव धरून, आणि झाकणातून. माझा संशय नेहमी झाकणावर असतो. झाकणाचं रबरी वायसर कडक झालेलं असतं, गाडी धुताना प्रेशर जेट नेमका तिथे मारला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. वायसर नखाने दाबून बघा. खूण उमटून परत भरून आली तर ठीक, नाहीतर बदला.

गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, पण गळ्यापर्यंत नको. 100 लिटर डिझेल 20 अंशांनी तापलं की दीड लिटरहून जास्त फुगतं. पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेलं असेल तर जास्तच सांभाळा, कारण बायोडिझेल पाणी धरून ठेवतं आणि लवकर जुनं होतं. युरोपच्या ईएन 590 मानकात 7 टक्क्यांपर्यंत ते चालतं, इतरत्र प्रमाण याहून जास्तही असतं.

आता बरणीची परीक्षा. हिला पैसे लागत नाहीत आणि यंत्रही लागत नाही. गाडी रात्रभर सपाटीवर उभी ठेवा. सकाळी, सेल्फ मारण्याआधी, सेपरेटरच्या खालची चावी सैल करून पावशेर डिझेल स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या. पंधरा मिनिटं बरणीला हात लावू नका. मग ती उजेडात धरा. चांगलं डिझेल पारदर्शक असतं, बरणीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. तळाला वेगळा गोळा किंवा थर दिसला तर ते पाणी. सगळंच दुधाळ, धुकट दिसलं तर पाणी डिझेलमध्ये घुसळलेलं आहे. आणि पाणी व डिझेलच्या सीमेवर तपकिरी-काळं, कोळिष्टकासारखं काही तरंगताना दिसलं, तर टाकीत बुरशी वाढली आहे.

हो, डिझेलमध्ये बुरशी वाढते. ती राहते पाण्यात आणि खाते डिझेल. त्यातल्या एका प्रसिद्ध जातीला 'केरोसीन फंगस' असंच म्हणतात. ती मारायचं औषध मिळतं, ते डब्यावरच्या मापानेच घाला. अंदाजाने दोन झाकणं जास्त ओतून काही साधत नाही. मात्र औषध घालण्याआधी पाणी काढा, कारण पाणी तसंच ठेवलं तर बुरशी परत येते. आणि औषधाने ती मेली तरी नाहीशी होत नाही. मेलेला गाळ टाकीतून सुटतो आणि पुढचे काही दिवस फिल्टर भराभर चोंदतात. औषध घातल्यावर पहिल्या प्रवासाला निदान दोन जादा फिल्टर जवळ हवेतच. गाळ फारच असेल तर टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही.

पाण्याची एवढी धास्ती कशासाठी? कॉमन रेलच्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये हलणाऱ्या भागांमधली फट मोजक्या मायक्रॉनची असते, माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा. या भागांना वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्यांचं वंगण. पाण्यात ते वंगण नाही, शिवाय गंजही चढतो. जुनी इंजिनं घोटभर पाणी पचवायची, नवी नाही पचवत.

याच ओघात एक इशारा. निळ्या झाकणाच्या टाकीत जायचं अ‍ॅडब्लू (एग्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं, तर किल्लीसुद्धा फिरवू नका. किल्ली फिरली की अनेक गाड्यांत इलेक्ट्रिक पंप चालू होतो आणि ते युरियाचं पाणी सगळ्या लाइनभर पोचतं. गाडी ओढून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

फिल्टर बदलताना

इंजिन थंड, गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीचा मेन स्विच बंद. मोटरहोमला एक गोष्ट आणखी: गॅसची शेगडी, गॅसवरचा फ्रीज, पाण्याचा गीझर यांच्या सगळ्या ज्योती विझवा. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, पण तापलेल्या पृष्ठभागावर उडालेले तुषार पेट घेतात.

फिल्टर खोलण्याआधी त्याच्या भोवतालची धूळ ब्रशने झाडा आणि फडक्याने पुसा. लोक हे टाळतात आणि नवा फिल्टर बसवताना जुनीच माती आत ढकलतात. फडकं धागे सुटणारं नको. खाली ट्रे ठेवा, सेपरेटरमधलं पाणी-डिझेल काढून घ्या, मग फिल्टर फिरवून उतरवा.

उतरवल्यावर वरच्या बैठकीकडे बघा. जुनी रबरी रिंग तिथेच चिकटून राहिलेली असू शकते. तिच्यावर दुसरी रिंग बसली की गळती किंवा हवा ठरलेलीच. नव्या रिंगला स्वच्छ डिझेलचं बोट फिरवा, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि पुढे फिल्टरवर छापलेलं असेल तेवढंच, बहुधा अर्धा ते पाऊण फेरा. पान्याने पिळू नका, पुढच्या वर्षी तुम्हालाच तो काढायचाय.

नवा फिल्टर डिझेलने भरून बसवायचा की कोरडा, यावर लोक वाद घालत बसतात. माझं मत असं: पहिला, जाड गाळणारा फिल्टर भरून बसवला तर हरकत नाही, त्याच्या पुढे आणखी एक गाळण आहे. मुख्य फिल्टर मात्र कोरडाच बसवा आणि पंपाने भरू द्या. त्याच्या मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळलेल्या बाजूला पडतं. म्हणजे कॅनमधला कचरा न गाळता थेट हाय प्रेशर पंपात.

आता एअर काढायची. हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबून डिझेल भरायचा छोटा पंप, असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबत राहा. हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर तो किंचित सैल करा, फेस यायचा थांबून सलग डिझेल आलं की आवळा. इलेक्ट्रिक पंप असेल तर किल्ली नुसती 'ऑन'वर अर्धा मिनिट ठेवून बंद करा, असं चार-पाच वेळा. मगच सेल्फ मारा, तोही एका वेळी पंधरा सेकंदांच्या वर नाही, मध्ये दोन मिनिटं थांबून. घाईघाईत सेल्फ जाळलेले लोक मी पाहिले आहेत. गाडी सुरू झाली की दहा मिनिटं चालू ठेवा, खाली वाकून जोड बघा आणि फिल्टरच्या अंगावर मार्करने तारीख व किलोमीटर लिहा.

जुना फिल्टर फेकू नका. आतला कागद असलेला भाग कापून उघडा, घड्या पसरा. काळा चिकट गाळ म्हणजे बुरशी किंवा जुनं डिझेल. विटकरी भुकटी म्हणजे टाकीतला गंज. चांदीसारखी चमक दिसली तर मात्र गाडी तिथेच थांबवा. हाय प्रेशर पंप झिजत असला की त्याची धातूची भुकटी रिटर्न लाइनने टाकीत येते आणि तिथून पुन्हा फिरते. काढलेलं डिझेल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून जुन्या ऑइलबरोबर द्या.

हवा कुठून शिरते

लक्षणं बोलकी असतात. सकाळी सुरू होऊन अर्ध्या मिनिटात बंद पडते आणि मग बराच वेळ सेल्फ मागते: रात्री डिझेल टाकीकडे उतरलं, म्हणजे कुठेतरी हवा येते किंवा उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह धरत नाही. चढावर दम सुटतो, सपाटीला ठीक: ओढणारी बाजू तपासा, हवा किंवा चोंदलेला फिल्टर. तासभर मस्त चालते, मग मरगळते, आणि टाकीचं झाकण उघडताच 'फुस्स' आवाज होऊन पुन्हा चालते: टाकीचा श्वास बंद झालाय. व्हेंटच्या नळीत माती किंवा कुंभारमाशीचं घर असतं. उभ्या गाडीत हे हमखास घडतं आणि दुरुस्तीला तार पुरते.

हवाच असेल तर पाहायची युक्ती सोपी. पंपाच्या अलीकडे, कमी दाबाच्या बाजूला, डिझेल चालणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता बसवा. इंजिन चालू असताना बुडबुड्यांची माळ दिसली तर दोष त्याच्या मागे, टाकीच्या दिशेला आहे. नळी एकेक जोड मागे सरकवत जा. जिथे बुडबुडे थांबतात, त्याच्या पुढचाच जोड गुन्हेगार.

दुसरी परीक्षा कॅनची. ओढणारी लाइन पंपाजवळ सोडवून एका छोट्या होजने थेट स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवा. गाडी सुधारली तर टाकी ते पंप या टप्प्यात गडबड आहे, नाही सुधारली तर पुढे बघा. फक्त कॅनवर लक्ष ठेवा. रिटर्न लाइन टाकीत जात असते, त्यामुळे जाळलेलं आणि परत गेलेलं, दोन्ही डिझेल कॅनमधूनच जातं. पाच लिटरचा कॅन तुमच्या अंदाजाच्या कितीतरी आधी संपतो.

अपग्रेड: काय आधी, काय नंतर

लोक सुरुवात मोठ्या पंपापासून करतात. मी शेवट तिथे करीन.

सगळ्यात आधी होज. दहा वर्षांहून जुनी रबरी नळी दिसायला चांगली असली तरी बदला. बायोडिझेल जुन्या नायट्राइल रबराला मऊ करून फुगवतं, म्हणून आतून एफकेएम म्हणजे व्हायटॉनचं अस्तर असलेला होज घ्या. एसएई जे30 आर9 असं अंगावर छापलेलं बघा. क्लिपाही बदला. फटी असलेल्या साध्या पट्टीची क्लिप रबराला चावते, गुळगुळीत आतल्या बाजूची इंजेक्शन क्लिप चावत नाही. तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली नळी घालू नका, दोन्ही धातूंनी डिझेल लवकर खराब होतं.

मग पारदर्शक वाटीचा वॉटर सेपरेटर, नसेल तर. तो टाकी आणि पंप यांच्या मध्ये बसवा. पंपानंतर बसवला तर पंप पाणी घुसळून बारीक थेंब करतो आणि ते वेगळं होणं अवघड जातं. गाळण 10 किंवा 30 मायक्रॉनचं घ्या. बारीक 2 ते 5 मायक्रॉनचं काम मुख्य फिल्टरला करू द्या, इथेच 2 मायक्रॉन घातलात तर पंपाला उगाच जड ओढावं लागेल. जागा निवडताना दोनच गोष्टी बघा: एग्झॉस्टपासून लांब, आणि रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून हात पोचेल अशी.

त्याच्याच पुढे व्हॅक्यूम गेज. छोटी वस्तू, पण मला हीच सगळ्यात आवडते. नवा फिल्टर बसवून चढावर गाडी पूर्ण जोरात असताना काटा कुठे जातो ते लिहून ठेवा. पुढे तो आकडा हळूहळू वाढत गेला की फिल्टर चोंदतोय, बंद पडण्याच्या कितीतरी आधी कळतं. काटा नेहमीपेक्षा कमी दाखवत असेल आणि गाडीलाही जोर नसेल तर हवा येत असण्याची शक्यता मोठी.

लांब पल्ल्याला, अनोळखी डिझेलवर जाणार असाल तर दोन सेपरेटर शेजारी शेजारी आणि मध्ये बदलायची चावी अशी जोडी फार सोयीची. एक चोंदला की दुसऱ्यावर जायचं, सावकाश मुक्कामी पोचून पहिला बदलायचा.

जादा टाकी जोडणाऱ्यांना एक गोष्ट कुणीच सांगत नाही. टाकी बदलायची चावी फक्त ओढणाऱ्या लाइनला लावली आणि रिटर्न पहिल्याच टाकीत राहिली, तर दुसऱ्या टाकीतून ओढलेलं डिझेल भरलेल्या पहिल्या टाकीत परत येतं आणि व्हेंटमधून रस्त्यावर सांडतं. ओढ आणि रिटर्न एकदम बदलणारा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह घ्या. किंवा त्याहून सोपं म्हणजे जादा टाकीतून छोट्या पंपाने मुख्य टाकीत डिझेल सोडायचं. मी दुसरा मार्ग घेतला.

डिझेल हीटरला टाकीवर स्वतःची बारीक नळी द्या. इंजिनाच्या लाइनला टी आकाराचा जोड मारून जोडू नका. लाइन दाबाची असेल तर हीटरमध्ये नको तेवढं डिझेल जातं, ओढीची असेल तर हीटर उपाशी राहतो आणि इंजिनाला हवा मिळते.

आता पंप. टाकी ते इंजिन अंतर लांब असेल आणि मूळचा फीड पंप कमजोर असेल तर टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवण्यात अर्थ आहे. 1998 ते 2002 दरम्यानच्या कमिन्स 5.9 लिटर 24 व्हॉल्व्ह इंजिनाचं उदाहरण सर्वांना ठाऊक असतं. त्यातला बॉशचा व्हीपी44 हा इंजेक्शन पंप (इंजेक्टरना दाबाने डिझेल देणारा) डिझेलनेच थंड आणि वंगणयुक्त राहतो, त्यामुळे फीड पंप मंदावला की महागडा व्हीपी44 जातो. पण म्हणून जास्त दाब म्हणजे जास्त चांगलं असं नाही. तुमच्या हाय प्रेशर पंपाला किती दाब चालतो हे मॅन्युअलमध्ये बघा, त्यापुढे गेलात तर सील फाटतील. वायरिंगमध्ये फ्यूज, रिले आणि धडक बसताच पंप तोडणारा इनर्शिया स्विच हवाच. नाहीतर अपघातात तुटलेल्या नळीतून पंप शांतपणे टाकी रिकामी करत राहील.

थंड प्रदेशात जायचं असेल तर एवढंच. डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद होतो. तिथल्या पंपावर हिवाळी डिझेल मिळतं, ते टाकी अर्धी झाली की वाटेतच भरा. गोठू न देणारं औषध डिझेल गोठायच्या आधी घालायचं असतं, गोठल्यावर घातलं तर त्याचा उपयोग होत नाही.

गाडीत एका बंद डब्यात ठेवा: दोन्ही प्रकारचे दोन-दोन फिल्टर, फिल्टर काढायचा पट्टा, हातभर होज, सहा क्लिपा, रबरी रिंगा आणि तांब्याची वायसरं, हातमोजे, झाकणाची काचेची बरणी, मार्कर, सांडलेलं शोषायला लाकडाचा भुसा. आणि डब्याच्या झाकणाच्या आतून पहिल्या दिवशी काढलेला तो लाइनचा कागद चिकटवा.